डायलच्या पाठीवरची खूण

यशवंत अण्णा कोष्टी. हे नाव आधी लिहितो, म्हणजे पुढं काही लिहायचं राहून गेलं तरी चालेल. सांगलीत मंडईच्या मागच्या बोळात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एक काचेचं कपाट, एक टेबल, आणि दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहावं एवढी जागा. आज मला साताऱ्यात जुन्या घड्याळांचा जाणकार म्हणतात. पुण्याहून, बंगळूरहून लोक फोटो पाठवून किंमत विचारतात. ते सगळं त्या एवढ्याशा जागेतून आलेलं आहे.

आमचं गाव जतच्या बाजूला. घरात मेंढरं होती, घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. बी.कॉम.साठी मी सांगलीला आलो तेव्हा चुलत्यानं परीक्षेसाठी म्हणून एक जुनं चावीचं घड्याळ दिलं. ते पहिल्याच पेपरला बंद पडलं. ते घेऊन अण्णांकडं गेलो. त्यांनी माझ्यासमोर मागचं झाकण काढलं, चिमट्यानं कुठंतरी एक धागा काढला आणि आतलं चाक एकदम डुलायला लागलं. मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी म्हणालो, "आवं अण्णा, ह्ये मला शिकवाल का?"

डोळ्यावरचं भिंग न काढता त्यांनी विचारलं, "कॉलेजात नाव हाय?"

"हाय."

"मग आधी ते पुरं कर. ज्या दिवशी नापास झालास त्या दिवशी हितनं उठायचं."

तीन वर्षं सकाळी कॉलेज आणि दुपारी अण्णांचं टेबल. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमचा सदा ग्रॅज्युएट झाला." ज्यांचं घड्याळ अजून तयार नव्हतं, त्यांना दोनदा सांगितलं.

अण्णांकडून मी पहिली गोष्ट शिकलो ती घड्याळातली घाण वाचायची. सांगलीच्या हळदबाजारातल्या माणसाचं घड्याळ उघडलं की चाकांच्या फटीत पिवळी पूड बसलेली असते. गुळाच्या अडत्याच्या घड्याळाची चावी चिकट लागते. रानात राबणाऱ्याच्या घड्याळात घामाचं मीठ जमतं आणि झाकणाची कड गंजते. अण्णा झाकण उघडून, गिऱ्हाईक काही बोलायच्या आत विचारायचे, "पेठेत असता व्हय?" माणूस चकित व्हायचा. मग अण्णा सांगतील ती मजुरी तो मुकाट्यानं द्यायचा, हा एक फायदा.

दुसरी गोष्ट डायल रंगवायची. बाहेरच्या वाचकाला हे सांगायला पाहिजे. घड्याळाचं मशीन धुता येतं, काच बदलता येते, पण डायल एकदा डागाळली की घड्याळ म्हातारं दिसतं. त्या काळी गिऱ्हाइकाची मागणी एकच असे: नव्यासारखं करून द्या. मग काटे काढायचे, कडेचे दोन बारीक स्क्रू सैल करायचे, डायल सुटी करायची, खराब थर उतरवायचा, नवा रंग द्यायचा आणि मोजक्या केसांच्या कुंचल्यानं आकडे काढायचे. अण्णा हे काम सकाळच्या उन्हात दाराशी बसून करायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

रंग वाळला की ते डायल उलटी करायचे आणि पाठीवर सुईनं एक बारीक 'य' काढायचे, खाली महिना आणि साल. डायलची पाठ मशीनला टेकलेली असते, ती गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. मी एकदा विचारलं, "ही खूण कुणासाठी, अण्णा?"

"फुडं कवातरी दुसरा कारागीर ह्ये खोलंल. त्येला वाटाय नको की डायल कारखान्यातनं अशीच आलीया. म्या रंगवलीया, ह्ये त्येला कळाय पायजे."

सांगलीत डायली रंगवणारे आणखी तीन-चार जण होते. त्यांच्यातला कुणी खूण करत नव्हता.

पुढं मी साताऱ्यात एस.टी. स्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. सातारा हे घड्याळवाल्यासाठी चांगलं गाव. निवृत्त फौजी खूप, आणि फौजी माणूस घड्याळावर जीव लावतो. त्यातले कोरेगावकडचे एक सुभेदार माझे कायमचे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनच्या कामाला आले की दुकानात डोकावायचे.

"काय, आज भाव काय?"

"कशाचा, साहेब?"

"माझ्या घड्याळाचा."

"विकायचंय का?"

"विकायचं कशाला? भाव इचारतोय."

त्यांच्या मनगटावर सरकारी कारखान्यातलं चावीचं घड्याळ होतं, देवनागरी आकड्यांचं, पहिल्या रजेत घेतलेलं. अशा घड्याळांना एकदम मागणी आली त्या वर्षी मी त्यांना खरा आकडा सांगितला. पुढच्या महिन्यात ते आले आणि स्टुलावर बसून मनगट पुढं केलं. मनगट मोकळं होतं.

"आवं, तुमी भाव वाढवू नका. मालकीण म्हंती, एवढ्या किमतीचं आता घालायचं न्हाई, कपाटात ठेवायचं. बत्तीस वर्षं हातात हुतं. आता येळ बघायला मनगट बघतो आन् तितं केस दिसत्यात."

मी हसलो होतो. पण भाव वाढला की घड्याळ हातातून जातं हे त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते फक्त विनोद म्हणून इतरांना सांगत राहिलो.

मधली वर्षं वाईट होती. मोबाईल आले आणि लोकांनी घड्याळं काढून ठेवली. मी सेल बदलून आणि पट्टे विकून दिवस काढले. अशात एक दिवस ओंकार दुकानात आला. तिशीचा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, साताऱ्याला आजोळी आलेला. त्यानं मामाचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. मी ते दुरुस्त केलं, आणि वर स्वतःच्या मनानं पॉलिशच्या मशीनवर घासून केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर, आरशासारखी चकचकीत करून दिली. त्यानं घड्याळ उजेडात धरलं.

"काका, हे तुम्ही बफ केलंत?"

"हो. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"म्हणजे गेलं," तो म्हणाला. कुणीतरी वारल्याचा फोन यावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

मग त्यानं अर्धा तास मला समजावलं. केसच्या कडा कारखान्यात धारदार केलेल्या असतात, त्या घासल्या की परत येत नाहीत. ओरखडे चालतात, गोलाई चालत नाही. डायलवरचे डाग चालतात, नवा रंग चालत नाही. जगभर जुन्या घड्याळांचा संग्रह करणारे लोक आता 'कुणी हात न लावलेलं' घड्याळ शोधतात आणि त्याला चौपट-पाचपट मोजतात. मला हे आधी वेडेपणाचं वाटलं. पण पदवीनं एवढं तरी केलं होतं की इंग्रजी वाचायची भीती नव्हती. ओंकारनं पाठवलेले लेख मी शब्दकोश घेऊन वाचले. वर्ष-दोन वर्षांत मला डायल बघून सांगता यायला लागलं, अस्सल की रंगवलेली. ओंकारच्या संग्राहकांच्या गटातले लोक मला 'सर' म्हणायला लागले. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातल्या माणसाला 'सर' या शब्दाचं काय होतं, हे ज्यांना जन्मापासून तो ऐकायची सवय आहे त्यांना कळणार नाही.

किंमत ठरते कशी, हे लोक नेहमी विचारतात. निम्म्याहून जास्त किंमत डायलची. मग केसच्या कडा, मग मशीन, काटे आणि चावी एकाच घड्याळाच्या आहेत की तीन घड्याळांची मोडतोड जोडून एक केलंय, ते. डबी आणि पावती असेल तर आणखी वर. आणि पुढं काय होईल असं विचाराल तर माझा अंदाज असा. देवनागरी डायलच्या सरसकट घड्याळांचा भाव फुगलेला आहे, तो खाली येईल. खरी, सगळे भाग मूळचे असलेली मोजकी घड्याळं तेवढी वर जातील. मोठ्या ताटलीएवढ्या घड्याळांची हौस ओसरते आहे. तरुण पोरं आजोबांच्या मापाचं लहान घड्याळ मागतात, आणि ज्यांना आज कुणी विचारत नाही त्या बायकांच्या इवल्याशा चावीच्या घड्याळांनाही दिवस येतील. नव्यानं छापलेल्या डायली बाजारात आल्या आहेत, त्या दरवर्षी सुधारत जाणार. फोटोवरून किंमत सांगणारी यंत्रंही येतील. पण फोटोत डायलची पाठ दिसत नाही. आणि सगळ्यात महाग होणार तो दुरुस्त करणारा हात, कारण तो नव्यानं तयार होत नाही.

हे मी आज लिहितो. तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर पहिल्या अर्ध्यावरच थांबलो असतो.

तीन वर्षांपूर्वी ओंकारच्या गटानं सांगलीत एका मंगल कार्यालयात जुन्या घड्याळांचा मेळा भरवला. एक रविवार. ज्याला विकायचं त्यानं आणावं, ज्याला घ्यायचं त्यानं यावं. आलेलं प्रत्येक घड्याळ तपासून त्याला चिठ्ठी लावायचं काम माझ्याकडं होतं. अस्सल असेल तर हिरवी, डायल रंगवलेली किंवा भाग बदललेले असतील तर पिवळी. हिरवी घड्याळं मधल्या मोठ्या टेबलावर, पिवळी दाराजवळ, चहाच्या बाजूला. हा नियम मीच केला होता. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, हा त्यातला हेतू, आणि तो मी अण्णांकडूनच घेतला होता.

मी आवर्जून अण्णांना बोलावलं होतं. ते ऐंशीच्या पुढं गेले होते, दुकान बंद करून वर्ष झालं होतं. ते आले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. त्यात कापसात ठेवलेली सात घड्याळं होती.

"सदा, ही माझी शेवटची. घालणाऱ्याच्या हातात जाऊ देत. कपाटात ठेवणाऱ्याला देऊ नगंस."

ती सात घड्याळं मला माहीत होती. मोठा पूर आला तेव्हा कृष्णेचं पाणी अण्णांच्या दुकानात कपाटाच्या वर चढलं होतं. पाणी उतरल्यावर मी साताऱ्याहून गेलो आणि दोन दिवस बादली आणि जुना ब्रश घेऊन त्यांच्या विकायच्या घड्याळांवरचा चिखल धुतला. मशीनं खोलली, डायली सुकवून त्यांच्या जेवायच्या पाटावर ओळीनं मांडल्या. सगळ्या डायली फुगून काळ्या पडल्या होत्या. अण्णांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. तरी त्यांनी पुढं कित्येक महिने एकेक डायल रंगवली. चाळीसातली सात वाचली. त्या सातांवरचे आकडे जवळून पाहिले तर कुठं किंचित हललेले दिसतात.

मी त्यांच्यासमोर सातही घड्याळं खोलली. प्रत्येक डायलच्या पाठीवर 'य', महिना, साल. मी सात पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या.

"पिवळी म्हंजी काय रं?" अण्णांनी विचारलं.

"रंगवलेली, अण्णा."

"मग रंगवलेलीच हाईत की. म्याच रंगवलीत." ते हसले. त्यांना त्यात काहीच गैर वाटलं नव्हतं. स्वतःच डबा उचलून दाराजवळच्या टेबलावर त्यांनी घड्याळं मांडली आणि बाजूला उभे राहिले, कुणी विचारलं तर सांगायला.

मधल्या टेबलावर त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं घड्याळ होतं. हळदीचे एक जुने अडते होते, त्यांचा नातू प्रशांत ते घेऊन आला होता. देवनागरी आकडे, डायलचा पांढरा रंग जाऊन सायीसारखा पिवळसर झालेला, काट्यांवरही तीच झाक. मागचं झाकण उघडलं तर चाकांच्या फटीत हळद. मी सगळ्यांना ते दाखवून सांगितलं, हा रंग कुणी लावलेला नाही, हा पेठेतल्या चाळीस वर्षांनी आणलेला आहे. डायल मात्र काढली नाही. इतकी चांगली जुनी डायल विनाकारण काढली तर रंगाचा टवका उडू शकतो, म्हणून खात्री असेल तिथं ती काढत नाहीत. माझी खात्री होती. मी हिरवी चिठ्ठी लावली.

दुपारी अण्णा फिरत त्या टेबलाशी आले. खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि ते घड्याळ बराच वेळ बघत राहिले.

"लय झाक हाय," ते म्हणाले. "कुणी तपासलं?"

"मीच."

"बरं." त्यांनी घड्याळ होतं तसं ठेवलं, चिठ्ठी सरळ केली आणि परत दाराशी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर तासाभरानं ओंकार कॉलेजच्या दोन पोरांना घेऊन दाराजवळच्या टेबलाशी आला. मी तिथंच चहा घेत होतो. नवीन संग्राहकांना शिकवायची त्याला हौस आहे, आणि तो चांगलं शिकवतो. अण्णांना तो ओळखत नव्हता. त्यानं सातातलं एक घड्याळ उचललं.

"हे बघा. ह्याला म्हणायचं मारलेलं घड्याळ. हा चार बघा, थरथरलाय. गावोगावच्या ह्या रंगवणाऱ्यांनी किती चांगली घड्याळं संपवली ह्याचा हिशोब नाही. हे कधी घ्यायचं नाही, फुकट दिलं तरी." मग तो माझ्याकडं वळला. "बरोबर ना, सर?"

अण्णा तीन हातांवर उभे होते. पोरं माझ्याकडं बघत होती. ही घड्याळं पुरात बुडाली होती, यांच्यावरचा चिखल मी धुतलाय, आणि ज्यांनी ती रंगवली त्यांनी मला शिकवलंय, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "बरोबर."

एवढाच शब्द.

अण्णांनी घाई केली नाही. ओंकार पुढं गेल्यावर त्यांनी घड्याळं एकेक करून कापसात ठेवली आणि डब्याचं झाकण दाबलं. मी जवळ गेलो तर म्हणाले, "तुझं चालू दे. गर्दी हाय. मी येतो." मी रिक्षापर्यंत सोडायला निघालो, तेवढ्यात कुणीतरी मागून "सर" म्हणून हाक मारली आणि मी वळलो.

प्रशांतचं घड्याळ संध्याकाळी ओंकारनंच घेतलं. मेळ्यातली सगळ्यात मोठी किंमत. माझ्या सहीचं तपासणीपत्र त्यासोबत गेलं.

आठवड्यानं मी अण्णांच्या घरी गेलो. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, माझ्या मुलीच्या परीक्षेचं झालं. मेळ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढता आला नाही. निघताना त्यांची मुलगी सुनंदाताई दारापर्यंत आली. "तवापास्नं डबा उघडला न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "आधी रोज सातींना चावी द्यायचे. सकाळचं तेवढं एकच काम हुतं त्यांना." तिनं कारण विचारलं नाही. बहुतेक तिला ते माहीत होतं.

अशीच दोन वर्षं गेली. मी दोनदा सांगलीला जाऊन त्यांच्याकडं न जाता परत आलो.

गेल्या श्रावणात ओंकार ते घड्याळ घेऊन दुकानात आला. "काका, दिवसाला चार मिनिटं मागं पडतंय. तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही मला." मी मशीन बाहेर काढलं. दोष डायलच्या खालच्या बाजूला असावा असं वाटलं, म्हणून काटे काढले, स्क्रू सैल केले आणि डायल अलगद उचलून उलटी ठेवली.

पाठीवर 'य' होता. खाली महिना आणि साल. त्या साली मी गावात पाचवीत होतो.

ओंकार समोर मोबाईलवर काहीतरी बघत होता. मी डायल पुन्हा सरळ केली, भिंगातून आकडे पाहिले. एकही रेघ हललेली नाही. तरुणपणीचा अण्णांचा हात मी कधी पाहिलाच नव्हता. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते पन्नाशीला आले होते, आणि मनात राहिला होता तो पुरानंतरचा थरथरता हात.

आतल्या खोलीत जाऊन मी प्रशांतला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय, आबांच्या घड्याळाची डायल अण्णांनी केल्याली. आबा गेल्यावर बाबांकडनं ती खराब झाली. बाबा म्हणाले हुते, नवी करू नका, आबांच्या हातात दिसत हुती तशी करा. अण्णांनी पंधरा दिवस लावले म्हणं."

"मेळ्यात सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. तुमी तर सगळ्यांम्होरं सांगत हुता हळदीचं. म्या म्हटलं, सर म्हंत्यात तर आसंल."

म्हणजे आज जग ज्याला वेळेनं आणलेला रंग म्हणून मोजतं, तो अण्णांनी वडील गेलेल्या एका मुलासाठी वाटीत कालवून आणला होता. आणि आणल्याचं पाठीवर लिहूनही ठेवलं होतं. ज्या रंगाऱ्यांनी खूण केली नाही त्यांच्या किती डायलींना मी हिरव्या चिठ्ठ्या लावल्या असतील, कोण जाणे. खूण करणारे अण्णा तेवढे सात वेळा सापडले. ते आठव्यांदाही सापडले असते, पण तिथं मी बघितलं नाही.

बाहेर येऊन मी ओंकारला डायलची पाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. त्याची रक्कम माझ्या खिशातून परत केली. तपासणीपत्र मागून घेऊन फाडलं. त्यानं डायल उजेडात धरली. मग म्हणाला, "त्या दिवशी दाराशी जे आजोबा उभे होते, ते?"

"हो."

"ते मधल्या टेबलापाशीही आले होते. हातात घेऊन बघितलं होतं त्यांनी. मी पाहिलं होतं." मग म्हणाला, "ओळखलं असणार त्यांनी."

"ओळखलं होतं."

"मग एका शब्दात तुम्हाला पाडू शकले असते की सगळ्यांसमोर."

मी सुटे काटे डबीत ठेवले.

"आणि तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत, काका? मी काय माफी मागितली नसती का?"

घड्याळ माझ्याकडं ठेवून तो गेला. जाताना दारातून वळून त्यानं विचारलं, ती सात अजून आहेत का. म्हणाला, आता काही लोक कारागिराची खूणही शोधायला लागलेत, कुणी केलं, कधी केलं, हे कळत असेल तर रंगवलेल्या डायललाही मान मिळायला लागलाय. हा माझ्या धंद्यातला नवा कल आहे. अण्णांना तो साठ वर्षांपूर्वी कळला होता.

अण्णांना फोनवर ऐकू येत नाही. समोर गेलो असतो तर पुन्हा पावसाचंच बोललो असतो. म्हणून त्या आठवड्यात मी पत्र पाठवलं. त्याची प्रत ठेवली होती, ती इथं देतो.

तीर्थरूप अण्णांना, सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही भिंगातून वाचता म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. सुनंदाताईकडून वाचून घेतलंत तरी चालेल. तिच्यापासून लपवायचं काही नाही.

हळदीच्या अडत्यांचं घड्याळ माझ्याकडं दुरुस्तीला आलं. डायल काढली. तुमचा 'य' दिसला. मेळ्यात ते तुम्ही हातात घेतलं होतं, भिंग लावलं होतं, आणि मला फक्त "बरं" म्हणालात. मला तेव्हा वाटलं, अण्णांना चांगलं घड्याळ आवडलं. तुम्ही माझी चिठ्ठी सरळ केलीत, हेही मी पाहिलं होतं.

तुम्ही गप्प राहिलात ते माझं नाव राहावं म्हणून. मी गप्प राहिलो तेही माझं नाव राहावं म्हणून. गप्प मी राहिलो असं म्हणतोय, पण तेही खरं नाही. मी "बरोबर" म्हणालो. त्या मुलाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. त्या डायलींवरचा चिखल माझ्या हातानं धुतला होता.

तुमच्या सात घड्याळांच्या पिवळ्या चिठ्ठ्या मी काढायला सांगणार नाही. त्या खऱ्या आहेत, आणि खरं लिहायचं हे तुम्हीच शिकवलंत. तुमचं नाव मात्र मी सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही. आता प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो: रंगवणारे यशवंत कोष्टी, सांगली.

त्या मुलानं सातांबद्दल विचारलं आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही. ती तुमची आहेत, आणि कपाटात ठेवणाऱ्याला द्यायची नाहीत असं तुम्ही म्हणाला होता. त्यातलं एक मला द्याल का? ज्याचा चार हललाय ते. मी रोज घालीन. कुणी विचारलं तर सांगीन.

डबा उघडा, अण्णा. चावी दिली नाही तर आतलं तेल वाळतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. अडत्यांचं घड्याळ सोबत आणतो. दोनदा खोललं, धुतलं, तेल दिलं, तरी दिवसाला चार मिनिटं मागंच पडतंय. दोष मला सापडत नाही. तुम्ही बघून सांगा, हात मी लावतो.

तुमचा
सदा